वीस दिवस आणि एक ओली भिंत

आमच्या घरात दसऱ्याआधी भिंतीला हात लावत नाहीत. घट बसलेले असतात, देवघरात नऊ दिवस नंदादीप असतो आणि त्याच्यावर माती उडालेली आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, खपत नाही. त्यामुळं पावसाळ्यात भिंतीची कितीही दशा झाली तरी गवंडी येणार तो सोनं लुटून झाल्यावर. दशमी ते अमावास्या, वीस दिवस. तेवढ्यात भिंत उकरायची, लिंपायची, वाळू द्यायची, चुना द्यायचा आणि लक्ष्मीपूजनाचा पाट त्याच भिंतीला लावून मांडायचा. यंदा हे काम मी शेवटपर्यंत उभी राहून करून घेतलं, बरंचसं हातानंही केलं. मधल्या वाट बघण्याच्या दिवसांत परडं, वाकळ, भाजणी आणि कंदील उरकले.

घर कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दीड हात रुंद पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वैपाकघर आणि परडं. पंचगंगा जवळ. आषाढ-श्रावणात पेठेत सकाळची पहिली चौकशी राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची असते. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. त्यानंतर माजघराच्या एका भिंतीला मजबुतीसाठी म्हणून आतून सिमेंटचा गिलावा झाला आणि त्यावर प्लॅस्टिक पेंट. तेव्हापासून दर भाद्रपदात त्या भिंतीचे कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे सुटतात. बोट फिरवलं की पांढरा खार हाताला येतो आणि खोलीत कोंदट वास भरून राहतो.

गवंडीमामा सर्वपित्रीच्या आधी बघून गेले. थापीच्या दांड्यानं भिंत ठोकत वरून खाली आले, जिथं पोकळ वाजलं तिथं कोळशानं रेघ मारली. "वैनी, मातीची भित पानी पित्या आनि सोडत्या. ह्येला सिमिटाचं झाकान घातलंय. सोडनार कुठनं?" मग बाहेर जाऊन वर बघितलं. कौलाखालची पत्र्याची पन्हळ कोपऱ्यात सडली होती आणि पावसाळाभर सगळी धार जोत्याच्या सांध्यात पडत होती. म्हणजे पाणी बाहेरून आत यायची वाट होती, आतून हवेत जायची वाट सिमेंटनं बुजली होती. पाणी वाळताना विरघळलेला खार मागं ठेवतं, तो गिलाव्याच्या मागं साठतो आणि रंगाला ढकलून बाहेर काढतो. इतकं सरळ कारण समजल्यावर मला फार बरं वाटलं. एवढे दिवस आम्ही त्या भिंतीला नुसता रंग देत होतो.

मामांनी जाताना एक काम लावून दिलं. माती आत्ताच भिजत घाला, दसऱ्यापर्यंत मुरू द्या. परड्याच्या कोपऱ्यात जुन्या पडक्या भिंतीची पांढरी माती पडून होती. ती चाळली, खडे काढले, भाताचं पिंजर कोयत्यानं बोट-बोट तोडून त्यात मिसळलं आणि आळं करून पाणी सोडलं. रोज संध्याकाळी पायानं तुडवायची. पिंजर कुजायला लागलं की मातीला चिकटपणा येतो आणि वाळताना तडे कमी जातात. वास येतो. तो सहन करावा लागतो, पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून पायाखाली मातीचा पोत बदललेला स्पष्ट कळतो.

त्याच मातीतली दोन ओंजळी चाळून घटाला घेतली. परडीत माती, त्यात गहू, जोंधळा, हरभरा, मूग असं धान्य आणि मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट. घट झिरपतो, माती ओली राहते, अंधारात पिवळे तुरे वर येतात. आत्तींचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं, शेतकऱ्याचं. कुठलं धान्य दाट उगवलं, कुठलं विरळ, हे त्या वाकून वाकून बघतात. रब्बीचं बी त्यावरून ठरायचं, म्हणतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. पूजेत पेरणीची चाचणी होऊन जाते.

नवरात्राआधी धुणं. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. पूर्वी सगळी पेठ पंचगंगेच्या घाटावर जायची, अजूनही बायका जातात. आम्ही यंदा निम्मं घाटावर आणि निम्मं परड्यातल्या दगडावर धुतलं. इथं आत्तींचा कायदा लागतो. त्यांच्या हिशेबात जगातल्या सगळ्या वस्तू तीन जातींच्या: उन्हाच्या, सावलीच्या आणि वाऱ्याच्या. वाकळा उन्हाच्या. ह्या दिवसांतलं कडक ऊन त्यांना दोन्ही बाजूंनी मिळालं पाहिजे, नाहीतर थंडीत कुबट वास येतो. बी-बियाणं सावलीचं. आणि भिंत वाऱ्याची. हा तिसरा प्रकार मला पुढं पुरता कळला.

अष्टमीला कडाकण्या केल्या. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात गव्हाचं पीठ, थोडा रवा, थोडं बेसन, तेलाचं कडकडीत मोहन आणि चिमूटभर मीठ. पीठ घट्ट हवं, सैल पडलं की कडाकणी मऊ होते. पातळ लाटून मंद आचेवर तळायच्या, कारण गूळ चटकन करपतो. माळेत ओवायच्या कडाकण्यांना तळायच्या आधीच भोक पाडतात. त्याच पिठाची वेणी आणि फणीही करतात आणि सगळा फुलोरा घटावर टांगतात. शेजारची सातवीतली पोरगी मदतीला आली होती. "काकू, फणी मी करतो," म्हणाली आणि काडीनं एकेक दात कोरत बसली. रात्री अंबाबाईची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते म्हणून तिची आई हाका मारत होती, तरी फणी पुरी झाल्याशिवाय उठली नाही.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात शमीपूजन बघून, आपट्याची पानं वाटून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा छिन्नी-हातोडा घेऊन हजर.

सिमेंट निघताना मातीचा थर सोबत घेऊन येतं, म्हणून हळू काढावं लागतं. मोठे घाव घालायचे नाहीत, कडेनं छिन्नी घालून उचकटायचं. आतली माती काळपट आणि थंड होती, दाबली की बोटाचा ठसा उमटायचा. कमरेच्या वर हात-दीड हात कोरडी भिंत लागेपर्यंत गिलावा काढला. मग मामा म्हणाले, आता चार दिवस ह्याला कुणी शिवू नका. दार-खिडक्या उघड्या ठेवा. मी पंखा लावू का विचारलं, तर नको म्हणाले. वरची कातडी वाळते, आतली ओल तशीच राहते. परड्याकडचं दार आणि सोप्याचं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं की मधून वारा वाहतो, तेवढा पुरे. भिंत वाऱ्याची, ती अशी. खार रोज नव्यानं फुलून यायचा. तो कोरड्या कुंच्यानं झाडून सुपलीत गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. ओलं फडकं लावायचं नाही, कारण खार परत विरघळून आत जातो.

ह्या थांबलेल्या दिवसांत परडं हाती घेतलं. पावसानं माती चोपून बसली होती. टिकावानं उकरून ढेकळं फोडली, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळली, वाफे ओढले. मेथी दाट फोकली. धणे पायताणाखाली हलके रगडून दोन फाडी करून पेरले. धण्याच्या एका बोंडात दोन बिया असतात, त्यामुळं रगडल्याशिवाय कोथिंबीर नीट दाट येत नाही. मेथी तीन-चार दिवसांत डोकं काढते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, तोवर धीर धरावा. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून चार-चार बोटांवर खोचल्या. एका बाजूला मुळा. शेवंतीच्या शेंड्यांवर मावा होता, तो सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाडला आणि नंतर निंबोळी अर्क मारला. कळ्या यायच्या वेळी एवढं लक्ष दिलं की दिवाळीला आणि पुढं मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरचं फूल मिळतं.

घोसाळ्याच्या वेलावर दोन फळं मुद्दाम जून होऊ दिली होती. सालं तडकून तपकिरी झाली, हलवल्यावर आत बी वाजायला लागलं, तेव्हा काढली. साल सोलून बी झाडून घेतलं, ते सावलीत कागदावर पसरलं. आतली जाळी धुऊन उन्हात टाकली. दिवाळीच्या अभ्यंगाला अंग घासायला ती जाळी उत्तम. बाजारात तिला आता चांगले पैसे पडतात, आणि परड्यात एक वेल असला तर वर्षभर घराला पुरते.

चार दिवसांनी मामांनी भिंतीवर तळहात ठेवला, मग गाल टेकवला. "चालतंय," म्हणाले. पाण्याचा हबका मारून मुरलेली माती भिंतीवर फेकून मारायची, थापीनं नाही, हातानं. फेकल्यानं ती जुन्या मातीच्या खाचांत शिरते. पहिला थर दोन बोटं जाडीचा. तो वाळताना बारीक भेगा पडल्याच, त्या पडायलाच हव्यात असं मामांचं म्हणणं. दुसरा थर त्या भेगा धरून बसतो. दुसऱ्याला माती बारीक चाळलेली, त्यात शेण आणि थोडा गव्हाचा भुस्सा. तो मात्र रंध्यानं फिरवून सारखा केला. खालच्या अर्ध्या भागाचं लिंपण माझ्याकडं होतं. मामा दुसऱ्या टोकाकडून येत होते. त्यांचा आणि माझा पट्टा जिथं मिळाला तिथं त्यांनी एकदा रंधा फिरवला आणि काही बोलले नाहीत.

त्याच रात्री परतीचा पाऊस आला. दुपारपासून उकडत होतं, ढग पन्हाळ्याकडून चढले, विजा आणि मग तासभर धो धो. पन्हळीचा कोपरा तसाच सडका होता. ह्यांनी आणि दिरांनी अंधारातच शिडी लावून त्या कोपऱ्याला प्लॅस्टिकचा कागद बांधला, खाली घमेलं आणि घमेल्यापासून परड्यापर्यंत फुटका पाइप. सकाळी उठून मी आधी भिंत पाहिली. ओल वर चढली नव्हती. मेथीच्या वाफ्यात मात्र पाणी तुंबून कडेची रोपं आडवी झाली, ती तशीच मातीत दाबली.

लिंपण वाळायला पहिल्या थरापेक्षा जास्त दिवस गेले, आणि त्या दिवसांत खरी मजा सोप्यात होती. आत्तींनी ट्रंकेतून तीन जुनी नऊवारी लुगडी काढली. वाकळेला बाहेरचे दोन थर चांगल्या सुती लुगड्याचे लागतात, आत विरलेलं काहीही चालतं. लुगडी जमिनीवर पसरून चारी बाजूंनी ताणायची, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, जातं, जे जड मिळेल ते ठेवायचं. आधी लांब टाके घालून थर बांधून घ्यायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. टाका गव्हाएवढा, ओळी बोटभर अंतरावर. टाके फार जवळ आले की वाकळ ताठ होते, फार लांब गेले की धुताना आतले थर गोळा होतात. गल्लीतल्या दोघीतिघी आपापला चष्मा आणि सुई घेऊन यायच्या. एकेका बाजूला एकेक जण बसलं की दुपारी पुष्कळ काम होतं. आत्तींचा हात सगळ्यात सारखा. त्यांचं वय आणि डोळे बघता मला त्या ओळींकडं बघून भरून येतं, आणि हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "दोरा वव."

कोजागरीचं दूध ह्याच गडबडीत झालं, गच्चीवर, साधंच. गंगावेशीतून दूध आणलं, आटवलं, वेलदोडे-जायफळ, झालं.

भाजणीचं वेगळं. माझ्या मते दिवाळीच्या फराळात सगळ्यात जास्त कष्टाची वस्तू चकली नाही, तिची भाजणी आहे. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, अर्धी वाटी धणे, पाव वाटी जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सुती कापडावर सावलीत वाळवायच्या. मी हौसेनं गच्चीकडं निघाले तर आत्तींनी कापड हातातून घेतलं. धुतलेला तांदूळ कडक उन्हात टाकला की दाणा तडकतो आणि भाजताना सारखा भाजत नाही. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. तांदूळ पांढरा फुलतो, हरभराडाळीला खमंग वास सुटतो, उडीद गुलाबी होतो. एकत्र भाजलं तर एक कच्चं आणि एक करपलेलं. गिरणीवाल्याला आधी गव्हाचं दळण होऊ दे म्हणून सांगायचं, मिरची-हळदीनंतर भाजणी घालायची नाही.

चुन्याचं पिंप तोवर परड्यात मुरत होतं. कळीचा चुना खडे-खडे आणला होता. पिंपात आधी पाणी, मग थोडे थोडे खडे. उलटं कधीच करायचं नाही, खड्यांवर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. खडा पाण्यात पडला की फुटतो, पाणी आपोआप उकळायला लागतं, पिंपाला हात लावता येत नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे. डोळ्यात उडालेला चुना दृष्टी नेऊ शकतो, म्हणून पाण्याची भरलेली बादली शेजारीच ठेवली होती. आठवडाभर तो तसाच पाण्याखाली राहिला आणि तळाशी मऊ साका बसला.

तो साका पाण्यात कालवून जुन्या लुगड्याच्या दुपदरी फडक्यातून गाळली. त्यात रात्रभर भिजवलेला डिंक, मूठभर मीठ आणि नावाला नीळ. मिश्रण ताकासारखं पातळ हवं. दाट चुना भिंतीवर छान दिसतो आणि वाळल्यावर पापुद्र्यानं उतरतो. भिंतीला पाण्याचा हलका हात देऊन कुंच्यानं आधी आडवा, दुसऱ्या दिवशी उभा, मग परत आडवा. ओला असताना काहीच दिसत नाही, नुसती राखाडी भिंत. तासा-दोन तासांनी आपोआप पांढरी व्हायला लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना हळूहळू परत दगड होतो, आणि त्याला त्यासाठी थोडी ओल लागते. म्हणून चुना भराभर वाळवायचा नसतो.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून ह्या दिवसांत संध्याकाळचं ऊन तिरपं थेट आत येतं. सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबरला जो किरणोत्सव होतो, मावळतीचे किरण पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढत जातात, तो ह्याच कललेल्या सूर्यामुळं. एरवी मला ते ऊन घरात आलेलं फार आवडतं. पण चुन्याचे हात चालू होते तोवर मी त्या खिडकीवर ओली चादर लावून ठेवली. जिथं चादरीच्या कडेनं उन्हाची पट्टी पडली, तेवढीच रेघ हाताला पांढरी लागते. बाकी भिंतीवर काळी साडी घासली तरी काही लागत नाही.

कंदील शेवटी. बुरूड गल्लीतून कामट्या आणल्या, रात्रभर भिजवून सारख्या तासल्या. शेजारची पोरगी आणि माझा मुलगा. सारख्या मापाच्या चोवीस काड्या, त्यांचे सहा चौकोन. प्रत्येक चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला दोऱ्यानं बांधत गेलं की मधे आपोआप आठ त्रिकोण पडतात. दोरा बांधून झाला तरी सांगाडा डुलत राहतो, दाबला तर मुडपतो. पोरं घाबरली की बिघडला. पण चौकोनांवर पतंगी कागद खळीनं ताणून चिकटवला की तो ताठ उभा राहतो. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी, त्यामुळं ती खळ मीच कालवली आणि वाटी फेकून दिली. त्रिकोणांना झिरमिळ्या, खाली शेपट्या. अंगणातल्या किल्ल्याची माती त्यांनी परड्यातूनच नेली. ती तुळशीच्या लग्नानंतर वाफ्यात परत यायची अशी बोली झाली आहे.

लक्ष्मीपूजनाला पाट त्या भिंतीला लावून मांडला. खार अजून थोडा येतो, जोत्यापासून वीतभर. मामा म्हणाले, आतलं सगळं बाहेर पडायला एखादा उन्हाळा जाईल, झाडत राहा आणि पुढच्या दसऱ्याला एक पातळ हात द्या. पिंपात उरलेला चुना पाण्याखालीच झाकून ठेवला आहे, तो खराब होत नाही. थोडा गेरूबरोबर कालवून आंबा आणि पेरूच्या बुंध्यांना लावला. आता काम राहिलं पन्हळीचं. प्लॅस्टिकचा कागद पुढच्या पावसाला टिकणार नाही. साडेअकरा फूट लांबी, कोपऱ्याला एक वळण आणि पाणी जोत्यापासून तीन हात लांब नेऊन सोडणारी नळी, असं माप वहीत लिहून पत्रेवाल्याला दिलंय. एप्रिलात बसवतो म्हणाला आहे, मी मार्चमध्येच आठवण करणार आहे.